पाकिटातलं काड

चिंचवस्ती, ता. करमाळा
१६ फेब्रुवारी २०२५

कस्तुराआत्या,

लांबूनच पाया पडते. जवळून पडायचं तर तुम्ही इकडे यायला हवं, आणि तुम्ही येत नाही.

पत्र बघून कपाळाला आठ्या घालू नका. माझा फोन बंद आहे, आणि चालू असता तरी तुम्हाला फोनवर ऐकू येत नाही. कानातलं मशीन तुम्ही कपाटात ठेवता आणि दोष मशीनवाल्याला देता. तेव्हा पत्रच बरं.

काम छोटं आहे. मी थोडे दिवस माहेरी आलेय. विहिरीच्या वरच्या अंगाला तो खडकाळ कोपरा वर्षानुवर्षं पडून आहे, तिथे शेळ्यांसाठी गोठा बांधायचा आहे. बाबा विटा आणायला तयार नाहीत आणि युवराज सख्खा भाऊ असून माझ्याशी धड बोलत नाही, त्यामुळे मातीच्याच भिंती घालणार आहे. आजोबा अशा भिंती घालायचे आणि लहानपणी तुम्ही त्यांच्या हाताखाली असायचा, हे बाबांनी हजारदा सांगितलंय. शेजारची फुलाबाई मदतीला आहे. ती म्हणते, "त्यात काय आवगड हाय? चिखुल करायचा, भुस्काट टाकायचं, तुडवायचं. झाली की भित!"

पाकिटात नमुन्याला भुसकट ठेवलंय. हे चालेल की नाही, एवढंच कळवा. उपदेश नको.

पूनम


सोलापूर
२१ फेब्रुवारी २०२५

चि. पूनम,

तुझं पत्र आणि त्यातला कचरा दोन्ही पोचलं. पाकीट फोडलं ते जेवताना, त्यामुळे निम्मा कचरा माझ्या भाकरीवर पडला. तू पाठवलंयस ते भुसकटसुद्धा नाही. मळणी यंत्राच्या मागे उडून लोकांच्या डोळ्यांत जाते ती धूळ आहे. दहापैकी एक गुण. तो एक गुणही पाकिटावर पिनकोड बरोबर लिहिलास म्हणून.

आता नीट वाच, कारण मी एकदाच लिहिणार आहे. भुसकट भिंत लिंपायला लागतं. भिंत उभी करायला लागतं काड, म्हणजे पिकाचा सुका दांडा. चांगलं वीत-दीड वीत लांब, आतून पोकळ, कोरडं. माती दाबाला पक्की असते पण ताणाला नाही, तिला धरून ठेवायचं काम काड करतं. गोधडीत चिंध्या घालून चालतं का, धागा लागतोच ना? बारावी झालेल्या मुलीला हे सांगावं लागतं. आमच्या शाळेत चौथीतल्या पोरांना कळायचं.

तुझ्या बापाला विचारायचं होतंस. पण माझा हा धाकटा भाऊ जन्मात एकदाच चिखलात उतरला, तेही पाय घसरून. आबांचं सगळं कसब त्याच्या उजव्या कानातून शिरलं आणि डाव्यातून निघून गेलं. आणि ती फुलाबाई! तिने घातलेली चूल मी पाहिली आहे. कलंडलेली. तिच्या शब्दावर भिंत घालशील तर शेळ्यांना नवस बोलावे लागतील.

एक विचारते. शेळ्यांना मातीची भिंत कशाला? आपल्याकडे शेळ्या बोराटीच्या कुंपणात पिढ्यान्‌पिढ्या सुखाने राहिल्या. काड दिसलं तर शेळी भिंतच खायला लागेल. पण हल्ली तुम्हा लोकांच्या डोक्यात काय येईल त्याचा नेम नाही.

इंद्रजीतराव कसे आहेत? त्यांच्या आई परवा पेन्शनच्या कामाला इकडे आल्या होत्या, रांगेत भेटल्या. तुझ्याबद्दल काही तक्रार केली नाही, म्हणजे संसार बरा चाललेला दिसतो.

कस्तुराआत्या


चिंचवस्ती
२७ फेब्रुवारी २०२५

आत्या,

तुमचं पत्र फुलाबाईला वाचून दाखवलं. ती म्हणाली, "बाईस्नी सांग, माजी चूल कलंडल्याली आसंल, पर तिच्यावं शिजल्यालं तुमीबी खाल्लंय की." मी कळवते म्हटलं. कळवलं.

यावेळी तीन जुड्या पाठवते आहे, वेगवेगळ्या दोऱ्याने बांधल्यात. लाल दोरा शाळूचा कडबा, पांढरा उसाचं पाचट, काळा करडई. सगळं आमच्याच रानातलं, कोरडं आणि लांब. तुम्हाला लांबच हवं होतं ना? घ्या.

शेळ्यांची काळजी तुम्ही करू नका. आणि तुमच्या त्या शेवटच्या प्रश्नाचं उत्तर द्यायला या पत्रात जागा उरलेली नाही.

पूनम


सोलापूर
४ मार्च २०२५

चि. पूनम,

अर्धा कागद कोरा ठेवून 'जागा उरली नाही' असं लिहितेस. असू दे.

लाल दोरा: शून्य. कडब्याच्या आत गर असतो आणि तो गोड असतो. लहानपणी तू तोच चोखायचीस, विसरलीस? भिंतीत कडबा घालणं म्हणजे वाळवीला पंगतीचं आमंत्रण देणं. दोन वर्षांत वाळवी सगळं खाऊन ढेकर देईल. पांढरा दोरा: शून्य. पाचट म्हणजे नुसता पाला, भिजला की कुजणार, आणि तुडवताना पायाची कातडी सोलणार. काळा दोरा: करडई! करडईला काटे असतात, हे करमाळ्याच्या मुलीला सोलापुरातून पत्राने कळवायची वेळ आली. अनवाणी तुडव एकदा आणि मग मला लिही. ज्या दोऱ्याने बांधलंस तो दोरा तेवढा बरा होता.

गव्हाचं काड आण. पण कुणाचंही उचलून आणू नकोस. यंत्राने कापलेल्यात काड राहत नाही, चुरा होतो. हाताने विळ्याने कापलेला गहू शोध. आबा काड आणायला जायचे तेव्हा मला बरोबर न्यायचे आणि शेतकऱ्याला पाच प्रश्न विचारायचे. कुठल्या रानातलं? कापून किती दिवस झाले? कापल्यावर पाऊस लागला का? जमिनीवर लोळत होतं की उभं रचलं होतं? आणि पाचवा, गेल्या वर्षी या रानात काय रोग पडला होता? शेतकरी वैतागायचा. म्हणायचा, "भीमाबापू, काड नेताय का पोरगी देताय?" आबा म्हणायचे, "भित माणसावर पडती बाबा. ईचारावं लागतं."

पाच उत्तरं मिळाली तरी विश्वास ठेवायचा नाही. एक काडी बोटाला गुंडाळून बघायची, कडकन मोडली तर सोडून द्यायची. मूठभर काड दोरीसारखं पिळायचं. नाकाशी धरायचं, कुबट वास आला तर तिथेच टाकायचं. काळे ठिपके बघायचे. शेवटी दाताखाली धरायचं. मग घ्यायचं.

एवढं केलंस तर नमुना पाठव. नाहीतर पोस्टाला त्रास देऊ नकोस. आणि गोठ्याचं माप कळव, काड किती लागेल ते सांगते.

कस्तुराआत्या


चिंचवस्ती
११ मार्च २०२५

आत्या,

पाच प्रश्न विचारले. धुळा म्हणून एक जण आहे, पलीकडच्या वस्तीवर. त्याचा वाफाभर गहू त्याने आणि त्याच्या बायकोने हाताने कापलाय. पेंढ्या बांधून छपराखाली उभ्या रचल्यात. तांबेरा पडला नव्हता, पाऊस लागला नाही. पाचव्या प्रश्नाला तो म्हणाला, "ताई, आता गव्हाची जातबी ईचारा, कुळीबी ईचारा." बोटाला गुंडाळलं, पिळलं, हुंगलं, चावलं. त्याची बायको तोंडाला पदर लावून हसत होती.

नमुना सोबत आहे. काड लांब होतं, पाकिटात मावावं म्हणून टोकं छाटली आहेत.

माप: आतून दहा बाय बारा फूट. दार पूर्वेला, खिडकी उत्तरेला, पश्चिमेच्या भिंतीत छातीच्या उंचीवर एक कोनाडा. भिंत किती जाड धरू?

पूनम


सोलापूर
१७ मार्च २०२५

चि. पूनम,

दहापैकी नऊ. एक गुण मी कुणालाच देत नाही.

काड उत्तम आहे. सोन्यासारखा रंग, बोटाला तीन वेढे घेतले तरी मोडलं नाही. दातही लावून बघितला, माझे दोनच खरे उरलेत, तरी. हेच काड घे, बेलाशक घे.

माती: काळीला हात लावू नकोस, ती वाळली की तडकते. गावठाणातली पांढरी आण, त्यात मुरूम चाळून मिसळ. तीन दिवस भिजत ठेव. मग तुडव, आणि काड कोरडंच, पखरत टाक. एकदम ओतलंस तर झुबके होतील. पाय उचलल्यावर चिखल पायाबरोबर ओढत आला आणि तुटला नाही, की समजायचं जमलं. नारळाएवढा गोळा दोन्ही हातांनी उचलायचा आणि थरावर आपटून बसवायचा. दिवसाला हातभर उंची, जास्त नाही. भिंत दीड हात जाड. काडाबद्दल आणखी काही सांगण्यासारखं उरलेलं नाही.

आता दुसरं. पूनम, शेळीला कोनाडा कशाला लागतो? ती त्यात दिवा लावणार आहे का? आणि उत्तरेच्या खिडकीत बसून केस विंचरणार आहे का? मला काय दुधखुळी समजतेस? चौतीस वर्षं मी पोरांनी बापाच्या नावाने लिहिलेल्या रजेच्या चिठ्ठ्या वाचल्या आहेत. फोन बंद, 'थोडे दिवस' म्हणता म्हणता महिना झाला, जावयाचं नाव काढलं की कागदावरची जागा संपते. भांडून आलीस, सरळ सांग ना.

आणि भांडून आलीस तर आलीस, घर कसलं बांधतेस? रुसून बसायला माणसाला एक कोपरा पुरतो, दहा बाय बारा कशाला? भांड्याला भांडं लागतंच. सुशिक्षित घर आहे, सासू शिक्षिका होती. असं घर मिळायला पुण्य लागतं. राग निवला की परत जा. मातीची भिंत घालून कुणी बाई नांदल्याचं मी तरी ऐकलेलं नाही.

कस्तुराआत्या


सोलापूर
१४ एप्रिल २०२५

चि. पूनम,

महिना होत आला, तुझं उत्तर नाही. नमुने पाठवायची गरज संपली, आत्याची गरज संपली. शाबास.

परवा युवराज कांदा घेऊन मार्केटला आला होता, तेव्हा घरी येऊन गेला. म्हणाला, भिंत कमरेला आली. थर वेडेवाकडे आहेत म्हणाला, आणि गोळे लिंबाएवढे. मी नारळाएवढे लिहिलं होतं. नारळ आणि लिंबू यातला फरक तुला कुणी शिकवला नाही का? दोन्ही हातांनी गोळा उचलायला काय होतं? लहानपणापासून तू अशीच, काम करायचं पण अंग राखून. लिंबाएवढ्या गोळ्यांची भिंत म्हणजे नुसते जोड. जोडातच भिंत फुटते.

युवराजने कागद आणले होते. हक्कसोडपत्र. आबांच्या जमिनीवर माझं नाव अजून आहे, ते काढायचं म्हणतो. त्या कोपऱ्यात त्याला कोंबड्यांचं शेड घालायचं आहे. माझा चष्मा दुरुस्तीला टाकला होता म्हणून सही राहिली, कागद इथेच ठेवून घेतले, पुढच्या खेपेला करीन म्हणाले. भावाच्या जमिनीत बहिणीने कशाला पाय अडकवायचा? तुलाही तेच सांगते.

कस्तुराआत्या


चिंचवस्ती
२२ एप्रिल २०२५

आत्या,

तुझ्या नऊ गुणांच्या काडातून गहू उगवलाय.

होय, भिंतीतून. खालच्या तिन्ही थरांवर हिरवी लव आली आहे, बोटभर उंच. ओंब्यांत दाणे राहिले होते, ओल्या चिखलात त्यांना आणखी काय हवं? सकाळी फुलाबाई आली आणि मट्‌कन खाली बसली. "आगं बया, भितीला मिशा फुटल्यात की!" दुपारपर्यंत सगळी वस्ती बघून गेली. युवराज मोबाईलवर फोटो काढून गावभर फिरवतोय. "आमच्या ताईनं भितीवर गहू पेरलाय, काढणीला या," असं म्हणतो. बाबा माझ्याकडे बघून हसले. मी घरी आल्यापासून ते पहिल्यांदाच हसले.

मे महिन्याच्या पहिल्या रविवारी युवराज जेसीबी आणणार आहे. कोंबड्यांच्या शेडसाठी जागा सपाट करायची म्हणे. बाबा म्हणाले, भिंत पडली की तुझं खूळ उतरेल, मग इंद्रजीतरावांना घ्यायला बोलावतो. म्हणजे माझ्याकडे बारा दिवस आहेत. भिंत राहिली तर मी राहीन. नाही राहिली तर मला त्या घरात परत जावं लागेल, दुसरीकडे जायला मला जागा नाही. एवढं हे साधं आहे. शेळ्या वगैरे काही नाहीत. मी खोटं बोलले, कारण ते स्थळ तू आणलं होतंस.

गोळे लिंबाएवढे का, विचारतेस. माझा डावा हात मनगटात दोनदा मोडलाय. पहिल्यांदा इंद्रजीतने दाराच्या फटीत धरून दार लोटलं होतं. दुसऱ्यांदा कसा, ते लिहीत नाही. आत सळई आहे. त्या हाताने पाण्याचा तांब्या उचलत नाही, नारळ कुठला? कमरेपर्यंतची भिंत मी एका हाताने घातली आहे. अंग राखून!

दोन वर्षांपूर्वी दिवाळीत प्लास्टर घातलेला हात गळ्यात अडकवून मी तुझ्या दारात आले होते. आठवतं? तू चहा दिलास. मी सगळं सांगितलं. तू मशीन कानात घातलं नव्हतंस, असं आता सांगू नकोस, त्या दिवशी ते कानात होतं. ऐकून घेतलंस आणि हेच म्हणालीस, भांड्याला भांडं लागतं. संध्याकाळच्या एसटीत मला परत सासरी जायला बसवलंस. खिडकीतून बिस्किटांचा पुडा दिलास.

गेले दोन महिने मी तुझी पत्रं वाचतेय आणि मला एकच गोष्ट कळत नाही. चार काड्यांसाठी पाच प्रश्न. पाऊस लागला का, रोग पडला होता का, उभं होतं की लोळत होतं. बोटाला गुंडाळा, पिळा, हुंगा, चावा. आणि इंद्रजीतला बघायला गेलो तेव्हा तू काय विचारलंस, सांगू? "नोकरी पर्मनंट आहे ना?" एवढंच. पोह्यांची एक बशी खाल्लीस आणि माझं लग्न ठरवून उठलीस. काडाइतकी तरी पारख माझ्यासाठी करायची होतीस, आत्या. भिंत माणसावर पडते, म्हणून विचारावं लागतं, हे आजोबांनी तुलाच सांगितलं होतं ना?

तुझ्या पारखेवर दोनदा विश्वास ठेवला. दोन्ही वेळा काय उगवलं, ते मी बघतेय. आता उत्तर पाठवू नकोस.

पूनम


सोलापूर
२७ एप्रिल २०२५

पूनम,

पाठवू नकोस म्हणालीस, तरी पाठवते आहे. पोरांनी सांगितलेलं मी कधी ऐकलं नाही, हीच तर तुझी तक्रार आहे.

आधी भिंतीचं, कारण दिवस थोडे आहेत. हिरवं उपटू नकोस. उपटलंस तर मुळासकट माती येईल आणि भिंतीला भोकं पडतील. कात्री घे आणि भिंतीलगत काप. आणखी दोनदा उगवेल, दोनदा काप. भिंत वाळली की ते मरतं. मुळं आत राहू देत, ती काही बिघडवत नाहीत. भिंत कच्ची नाही. गोळे लहान आहेत म्हणून थरांच्या जोडात बोटाने भोकं पाडून वरचा थर आत चेपत जा, एका हाताने होण्यासारखं आहे. उरलेल्या पेंढ्या दगडावर बडव, ओंब्या विळ्याने छाट, मगच काड चिखलात टाक.

आबांची पहिली सूचना ती असायची. पाच प्रश्नांच्याही आधी. ओंबी छाटा. मी सहा वर्षांची असल्यापासून ओंब्या छाटायचं काम माझंच होतं. आणि तुला लिहिताना नेमकं तेच लिहिलं नाही. काडाबद्दल सांगण्यासारखं काही उरलं नाही, असं मी ऐटीत लिहिलं, कारण मला पुढच्या परिच्छेदात जायची घाई होती. तुझ्या कोनाड्याची टिंगल करायची होती ना.

तू लिहिलं होतंस, पाकिटात मावावं म्हणून टोकं छाटली. ते मी वाचलं होतं. टोकांना काय होतं, हे विचारायला हवं होतं. इंद्रजीतच्या घरच्यांनीही त्या दिवशी पाकिटात मावेल तेवढंच दाखवलं. बैठकीत पोरगा मान खाली घालून बसला होता, त्याच्या आईने माझ्या शाळेची स्तुती केली, आणि मी फुगले. टोकं कुठे आहेत, हे विचारणं माझं काम होतं. मला ते काम येत होतं, हे जास्त वाईट आहे. तुझ्या बापाला, धनाजीला, येत नाही, त्याला सोडून दे. मला येत होतं.

आणि दिवाळीत तर नमुन्याचाही प्रश्न नव्हता. तू सगळी पेंढीच दारात आणून ठेवली होतीस. मी ती एसटीत घालून परत पाठवली, कारण स्थळ मी आणलं होतं, आणि ते वाईट निघालं तर चारचौघींत माझी पारख वाईट निघणार होती. मशीन कानात होतं. मी सगळं ऐकलं होतं.

माफी मागायला तोंड नाही आणि मागितलेली तू घेऊही नयेस.

धनाजीला वेगळं पत्र टाकलं आहे, रजिस्टर पोस्टाने, पोचपावतीसह. त्यात एवढंच आहे: आबांच्या जमिनीची वाटणी झालेली नाही आणि मी कशावरही सही केलेली नाही. म्हणजे त्या रानाच्या ढेकळाढेकळात मी आहे, कोंबड्यांच्या कोपऱ्यातही. तिथली भिंत माझ्या परवानगीने उभी आहे, आणि तिला हात लावणाऱ्याला मी कोर्टात उभं करीन. युवराजचे कागद मी चुलीत घातले असते, पण माझ्याकडे गॅस आहे. फाडून टाकले. तुझ्या नावे काय करायचं, ते वकिलाला विचारून करते. दवाखान्याचे कागद, हाताचे फोटो जे असेल ते जपून ठेव, लागतील.

तुझ्या पत्रात मला अगंतुगं केलंस. लग्नाआधी तशीच बोलायचीस.

कस्तुरा


चिंचवस्ती
६ मे २०२५

आत्या,

रविवारी जेसीबी आला होता. बाबांनी तुझं पत्र ओसरीत मोठ्याने वाचलं. दोनदा वाचलं, कारण पहिल्यांदा युवराजचा विश्वास बसला नाही. मग तो जेसीबीवाल्यालाच म्हणाला, "आमची म्हातारी सोलापुरात बसून आमच्या उरावर बसलीया." जेसीबीवाला म्हणाला, "कोर्टाचं हाय तर म्या हात लावत न्हाय," आणि मशीन फिरवून गेला. युवराजने जाताना एक लाथ मारली भिंतीला. भिंतीला काही झालं नाही. तो मात्र दोन दिवस लंगडतोय. फुलाबाईने वस्तीभर सांगितलं, "काड निवडल्यालं हाय त्यात, लाथंनं पडंल व्हय?"

बाबा काल संध्याकाळी आले, कापलेल्या गव्हाच्या खुंटांवरून हात फिरवला आणि गेले. त्यांना मी माफ केलेलं नाही. तुलाही नाही. तू माफी घेऊ नयेस म्हणालीस म्हणून नव्हे, मलाच जमत नाहीये.

हिरवं दोनदा कापलं. तिसऱ्यांदा उगवलं नाही. भिंत खांद्याला आली आहे. खांद्याच्या वर गोळा मला एका हाताने चढवता येत नाही आणि फुलाबाईची उंची तुला माहीत आहे. पावसाच्या आत छप्पर पडायला हवं. तुझे दोन्ही हात चालतात, जिभेइतके नसले तरी.

तेव्हा यायचं असेल तर ये. सकाळी सोलापूरहून करमाळ्याची गाडी निघते, फाट्यावर उतर, तिथून चालत. कानातलं मशीन घेऊन ये. कोनाडा एकच आहे आणि तो माझा आहे. पेंढ्या दारातच रचल्यात, बसून काड निवडायला तुला सावली आहे. ओंब्या छाट, कुबट बाजूला काढ, जे करायचं ते कर.

पण तू निवडलेली एक-एक मूठ मी पुन्हा तपासणार, आणि मगच चिखलात टाकणार.

पूनम